रूपारेलवरची अळणी खिचडी

गलबतावर रांधणाऱ्या पेथा भंडाऱ्याच्या खिचडीला नाव ठेवायची हिंमत तीस वर्षांत कोणी केली नव्हती. त्या दुपारी ती एकवीस जणांनी एकदम केली.

"पेथाभा, मीठ काय झांझिबारलाच विसरलात?" सुकाणूवरून हमीर ओरडला.

"विसरले नसतील. विकून आले असतील," दुसरा कोणीतरी म्हणाला, आणि अख्खं गलबत हसलं.

पेथाने कलथा उगारला, चार शिव्या हासडल्या, पण मनातून तो चरकला होता. त्याने स्वतः घास घेऊन पाहिला होता. खिचडी अळणी होती, अगदी आजाऱ्याला देतात तशी.

ही गोष्ट आगबोटींच्या आधीची, वारा असेल तर जायचं आणि नसेल तर बसायचं, अशा दिवसांतली. 'रूपारेल' ही कच्छातल्या मांडवीची कोटिया, म्हणजे दोन डोलकाठ्यांचं शिडाचं गलबत. दिवाळीनंतर ती खजूर आणि कापड घेऊन निघाली, झांझिबारला पोचली, आणि तिथून लवंगा भरून आता घरी परतत होती. वैशाख संपत आला होता. जेठातल्या उधाणाआधी जे गलबत बंदरात शिरत नाही त्याचं पुढे काय होतं, हे मांडवीत शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. उशीर झाला होता तो रूडा मालमच्या हौसेपायी. झांझिबारच्याही खाली, जिथे मांडवीचं एकही गलबत कधी गेलं नव्हतं, तिथे त्यांना एक खाडी दिसली होती. मग काय विचारता! बारा दिवस मालम होडीतून खाडीभर फिरले, तळ मोजला, खडक मोजले, आणि आपल्या पोथीत तो सगळा किनारा माडांसकट काढला. जुसब नाखवा गलबताचा धनी, त्याचा राग कायम नाकावर. तो बारा दिवस धुमसत राहिला, पण रूडा मालमना बोलायची त्याचीही छाती नव्हती.

कारण नाखवा गलबताचा मालक असला तरी भर समुद्रात वाट दाखवतो तो मालम. आणि रूडा मालमसारखा मालम मांडवीत दुसरा नव्हता. सत्तरीचे, पांढऱ्या दाढीचे, ताठ. अख्खी कोटिया त्यांना 'बापा' म्हणायची.

त्याच खाडीत एक गोष्ट घडली होती, आणि ती फक्त पेथाला माहीत होती. बापांबरोबर फक्त पेथा असताना तिथल्या लोकांनी प्रेमाने सुकं खोबरं पुढे केलं. बापांनी मोठ्या ऐटीत कडकन तोडायला घेतलं, आणि खोबरं राहिलं तसंच, वरचे समोरचे दोन दात मात्र हातात आले!

गलबतावर येताच बापांनी पेथाला चुलीमागे ओढून नेलं होतं. "पेथा, शपथ घे. दर्यालालची, समुद्रदेवाची शपथ. कोणाला बोलायचं नाही."

"अहो, दातच तर पडलेत. माझ्या सासऱ्याच्या तोंडात एक नाही, तरी बोलणं थांबत नाही."

"तुझा सासरा मालम आहे का?"

मग पेथाला सगळं समजलं.

मालमकडे एक लाकडाची पाटी असते, तळहाताएवढी. तिच्या मधोमध दोर ओवलेला, आणि दोराला गाठी. एक गाठ मस्कतची, एक दिवची, एक मांडवीची. संध्याकाळी ध्रुव दिसू लागला आणि पाण्याची रेघ अजून दिसत असली की मालम हव्या त्या बंदराची गाठ समोरच्या दातांत धरतो, दोर ताणतो, आणि एक डोळा मिटून पाटीकडे बघतो. पाटी खाली पाण्याला टेकली आणि वर ध्रुवाला टेकली की समजायचं, आपण त्या बंदराच्या ओळीत आलो. मग सरळ उगवतीकडे तोंड करायचं की ते बंदर समोर. म्हणून मांडवीत रीत अशी की, मालमचे समोरचे दात पडले की पंच त्याची पाटी काढून घेतात. त्याने मग धक्क्यावर बसून दोर वळायचे आणि गप्पा हाणायच्या.

पेथाने समुद्राचं पाणी ओंजळीत घेऊन शपथ घेतली. तेव्हापासून बापा तोंडाला शाल गुंडाळून बसू लागले, "वारा बाधतो" म्हणून. पेथा त्यांच्यासाठी रोटला वरणात कुस्करून द्यायचा आणि इतरांना सांगायचा, बापांचं पोट बरं नाही. तो झांझिबारखालचा मुलूख इतका दक्षिणेला की तिथे ध्रुव दिसतच नाही, त्यामुळे पाटीची गरज पडली नाही. पुढे ध्रुव वर येऊ लागला तेव्हा बापांनी पाटी काढली आणि सगळ्यांकडे पाठ करून उभे राहिले. आठ दिवसांपूर्वी त्यांनी सांगितलं, "मांडवीची ओळ लागली. उगवतीला वळवा." रूपारेल वळली, आणि माणसं घरच्या गोष्टी बोलू लागली.

आणि आता ही खिचडी!

दुसऱ्या दिवशी पेथाने डोळ्यांत तेल घालून स्वयंपाक केला. गलबतावर गोडं पाणी सोन्यासारखं जपतात, म्हणून भंडारी मीठ वेगळं घालतच नाही. तीन तांबे गोडं पाणी आणि एक तांब्या समुद्र, की खिचडी अशी जमते की बोटं चाटावीत. आयुष्यभर हेच माप. पेथाने तांबे मोजले, मोठ्याने मोजले, वर आणखी अर्धा तांब्या समुद्र ओतला. एवढं करूनही जेवताना हमीरने ताटातून मान वर काढली आणि अगदी सहानुभूतीने विचारलं, "पेथाभा, घरी सगळं बरं आहे ना?"

यावेळी कोणी हसलं नाही, आणि तेच पेथाला जास्त लागलं. आपण म्हातारे झालो, आपला हात गेला, असं त्याला वाटलं. तो चुलीपाशी एकटाच बसला. बसल्या बसल्या त्याने बादलीतल्या समुद्राच्या पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

मग ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. थुंकायला हवं होतं, तर ते चक्क पिता आलं असतं.

हात ठीक होता. समुद्रच अळणी झाला होता.

पाणी दोन दिवसांपासून मातकट दिसत होतं हे सगळ्यांनीच पाहिलं होतं. बापा म्हणाले होते, आपलं कच्छचं आखात जवळ आलं, त्याचा गाळ. सगळ्यांना ते पटलं, कारण सगळ्यांना घरी जायचं होतं. पण पेथाने मांडवीसमोरचं पाणी तीस वर्षं खिचडीत ओतलं होतं. ते इतकं खारं की तिथे अर्धा तांब्याच पुरतो. आपल्या रुक्मावती नदीला वैशाखात चुळभर पाणी नसतं, ती कुठला समुद्र गोड करणार? एवढा दर्या अळणी करायचा तर नदीही तशीच दांडगी हवी. ऐन उन्हाळ्यात डोंगरावरचं बर्फ वितळून जिला पूर येतो अशी. तशी या बाजूला एकच.

सिंधू! म्हणजे मांडवी राहिली खाली, आणि आपण सिंधूच्या मुखावर चाललोय, जिथे कोसावर कोस चिखलाचे दांडे पाण्याखाली लपलेले असतात. त्यावर अडकलेलं गलबत जेठाच्या लाटा दोन दिवसांत फोडून टाकतात.

आणि बापांसारख्या मालमची ओळ चुकलीच कशी, हाही उलगडा त्याला तिथेच झाला. बापा रोटला कसा चावतात हे त्याच्याइतकं कोणी पाहिलं नव्हतं. पुढचे दात गेल्यापासून ते घास मागच्या दाढेखाली सरकवायचे. म्हणजे दोराची गाठही दाढेतच धरत असणार. गाठ दोन बोटं आत गेली की दोर दोन बोटं आखूड, आणि पाटी डोळ्याच्या तेवढी जवळ. जवळची पाटी मोठी दिसते. मोठ्या पाटीला पुरायला ध्रुवही जास्त वर चढायला हवा. म्हणून रूपारेल मांडवी ओलांडून वर, आणखी वर आली होती.

धावत जाऊन नाखवाला सांगावं? पण शपथ घेतली होती. शपथेपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे ती ज्यांना दिली ते बापा होते. पेथा पहिल्यांदा समुद्रावर आला तेव्हा पंधरा दिवस ओकत होता. सगळ्यांनी नावं ठेवली, आणि बापांनी त्याचं डोकं धरलं होतं. त्या माणसाला एकवीस जणांसमोर उघडं पाडायला पेथाची जीभ वळेना. आणि न बोलावं, तर त्याच एकवीस जणांना चिखलात गाडल्यासारखं होतं.

सूर्य बुडाला तेव्हा तो एक वाटी मऊ खिचडी आणि बादली घेऊन मागच्या टोकाला गेला. बापा पाटी घेऊन उभे होते.

"बापा, जेवून घ्या."

"आधी तारा."

"आज आधी जेवण."

असं तो कधी बोलला नव्हता. बापांनी त्याच्याकडे नीट पाहिलं, शाल सरकवली आणि घास घेतला. "अळणी आहे. काय झालंय काय तुला?"

"बापा, मी मीठ घालत नाही. मी काय घालतो ते तुम्हाला माहीत आहे."

बापांचा हात वाटीतच थांबला. त्यांनी वाटी खाली ठेवली, बादलीतलं पाणी तळहातावर घेऊन चाखलं, आणि परत एकदा चाखलं.

"आपण मांडवीच्या ओळीत आहोत ना?" पेथाने हळूच विचारलं.

"पाटी तसं सांगते."

"पाटी सांगते, का दाढ सांगते?"

"पेथिया!" बापा असे कडाडले की हमीरने सुकाणूवरून वळून पाहिलं. मग आवाज खाली आला, पण धार तीच. "चुलीतली राख फुंकणारा तू. तू मला आकाश शिकवणार?"

पेथाला ते झोंबलं. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणीच आलं त्याच्या. पण तो हलला नाही. "आकाश नाही शिकवत. मला आकाशातलं काय कळतं? तुम्ही घास कुठल्या बाजूने चावता, तेवढं मला कळतं."

बापा मटकन दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसले. एवढा ताठ माणूस, पण त्या घटकेला अगदी थकलेला आजोबा दिसत होता.

"मला माहीत होतं रे," ते म्हणाले. "पहिल्याच संध्याकाळी गाठ दाढेत धरली, तेव्हाच माहीत होतं. मनाला सांगितलं, दोन बोटं दोर, एवढ्या मोठ्या दर्यात त्याने काय होतंय. दात गेले म्हणून सांगितलं की पाटी गेली. पाटी गेली की मग मी कोण, सांग?"

"बापा," पेथा म्हणाला. "आम्ही हाक कोणाला मारतो? पाटीला मारतो का?"

बापांनी शालीने डोळे पुसले. पेथाला वाटलं, आता म्हणतील, तूच काहीतरी निमित्त सांगून गलबत वळव. तो तेही करायला तयार होता. पण बापा उठले. "तू शपथेत आहेस. तू बोलू नकोस. मी बोलतो."

त्यांनी शाल काढून पेथाच्या खांद्यावर टाकली, सगळ्यांना मधल्या डोलकाठीपाशी बोलावलं, आणि तोंड उघडून दाखवलं. मग एका दमात सगळं सांगितलं: दात, दाढ, दोर, सिंधू. स्वतःला वाचवायला एक शब्दही वापरला नाही.

जुसब नाखवाचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. "आठ दिवस! बापा, आठ दिवस माझी कोटिया तुम्ही दाढेवर हाकलीत?"

"हो. राग उद्या काढ, जुसब. उजेड जातोय. मला कोणाचे तरी धड दात दे, त्याचं तोंड माझ्या तोंडाच्या मापाचं हवं."

आता एकवीस माणसं एकमेकांची तोंडं बघू लागली. हमीरचा दात मस्कतला मारामारीत गेला होता. नाखवाचे तंबाखूने हलत होते. कोणाचा जबडा आखूड, कोणाचा घोड्यासारखा लांब. बापा एकेकाची हनुवटी धरून, इकडे तिकडे वळवून पुढे जात होते, आणि शेवटी पेथापाशी थांबले.

"आ कर."

"मी? बापा, मी भंडारी आहे!"

"तीस वर्षं माझ्यासमोर बसून जेवतोयस. तोंडसुद्धा माझ्यासारखं झालंय तुझं. आ कर."

पेथाने मांडवीची गाठ दातांत धरली. बापा त्याच्या मागे उभे राहिले. एक हात त्याच्या हनुवटीखाली, दुसऱ्याने त्याचा कोपर सरळ केला. "दोर ताण. डावा डोळा मीट. पाटी पाण्याला टेकव. टेकली?"

"अं."

"ध्रुव कुठे आहे?"

"अं अं."

"वर? पाटीच्या वर?"

"अं!"

"किती? बोटाने दाखव."

पेथाने ताणलेल्या दोरावरून एक बोट आडवं धरलं. ध्रुव पाटीच्या वर बरोबर एक बोट होता. आकाशातलं एक बोट म्हणजे समुद्रावर दिवसभराची वाट, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मांडवी एवढी खाली राहिली होती.

तेवढ्यात डोलकाठीवर चढलेला खलाशी ओरडला. उगवतीकडे, अंधुक उजेडात, पाण्यावर एक पांढरी रेघ हलत होती. दांड्यांवर फुटणाऱ्या लाटा! फार दूर नव्हत्या. आणखी एक जेवण झालं असतं, की रूपारेल त्यांच्यात असती.

"शीड फिरवा!" बापांचा आवाज आता असा होता की राग, लाज, दात सगळं विसरून माणसं दोरांना झोंबली. वारा आडवा होता. कोटिया कलली, कण्हली, आणि एकदाची दक्षिणेकडे वळली. रात्रभर हमीर आणि नाखवा आलटून पालटून सुकाणूवर होते, दोघे तळ मोजत होते. आठ वाव, सात, सहा, परत सात. पहाटे अकरा झाले, तेव्हा कुठे जुसब नाखवा पहिल्यांदा खाली बसला.

त्या दुपारी खिचडी जरा खारट झाली, कारण पेथाचा हात वाढीव मापावर बसला होता. सगळ्यांनी ती मागून मागून खाल्ली.

मांडवीचं देऊळ दिसलं तेव्हा सगळे नाचत होते. पेथा तेवढा बापांकडे बघत होता. बापा दाढी विंचरून, स्वच्छ पागोटं बांधून तयार बसले होते. पाटी त्यांनी रुमालात गुंडाळून मांडीवर घेतली होती.

धक्क्यावर गर्दी होती. पुढे मेघजी मालम, पंचांतले सगळ्यात थोरले, काठी टेकवून उभे. रीतीप्रमाणे त्यांनी विचारलं, "कोटिया कोणी आणली?"

"पेथा भंडाऱ्याने," बापा मोठ्याने म्हणाले. आणि काय घडलं ते सगळ्या बंदरासमोर सांगितलं, जसं गलबतावर सांगितलं होतं तसंच. मग रुमाल पुढे केला. "ही पाटी घ्या."

बापांची बायको राणबाई गर्दीतून पुढे आली. तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. "एवढ्यासाठी एवढी लपवाछपवी? माझे चार गेले, तुम्हाला आजवर कळलं तरी का?" आणि पदर डोळ्यांना लावला.

मेघजी मालमनी पाटीसाठी हात पुढे केला. "रूडा, वाईट वाटतंय. पण रीत ती रीत. मालमला समोरचे दात हवेत."

"आहेत की!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. पेथा भंडारी दोघांच्या मध्ये येऊन उभा राहिला होता. त्याने ओठ ताणून सगळे दात दाखवले, वरचे आणि खालचे.

"हे काय, हे बापांचेच आहेत," तो म्हणाला. "सध्या माझ्या तोंडात ठेवलेत, इतकंच."

"असं कधी झालंय का?" मेघजी मालम म्हणाले.

"झालंय. तीन दिवसांपूर्वी, माझ्या कोटियेवर," जुसब नाखवा मागून गरजला. "आणि माझ्या कोटियेवर कोणाचे दात कोणाच्या तोंडात असावेत ते मी ठरवीन. दिवाळीनंतर रूपारेल निघेल ती या दोघांना घेऊन. नाहीतर निघणार नाही." हमीर आणि बाकीचे त्याच्यामागे भिंतीसारखे उभे होते.

मेघजी मालमनी एकदा पेथाच्या दातांकडे पाहिलं, एकदा रूडा मालमच्या डोळ्यांकडे. मग पुढे केलेला हात त्यांनी तसाच मागे घेतला आणि काठीवर ठेवला.

बापांनी पेथाचा हात धरला आणि त्याला ओढतच घरी नेलं. राणबाईने पानं मांडली, गरम रोटला आणि लसणाची चटणी आणली, आणि ती वाढायला वाकली तेवढ्यात बापांनी तिच्या हातातलं भांडं काढून घेतलं.

"तू बस," ते म्हणाले. पेथा सवयीने उठायला लागला, तर त्याच्यावरही डोळे वटारले. "तूसुद्धा. तीस वर्षं तू वाढलंस." आणि मांडवीतल्या सगळ्यात मोठ्या मालमनी खाली बसून भंडाऱ्याच्या ताटात रोटला कुस्करला, त्यावर तूप घातलं, आणि तो पहिला घास घेईपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.